बाळाचे लंगोट : जुनी रीत आणि नवा विवेक

(महिला मंडळाच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्यासपीठावरून बाळाच्या लंगोटांचा विषय निघावा, याचे काहींना नवल वाटेल. तप, दान, स्वाध्याय या विषयांच्या शेजारी तो शोभतो का, असाही प्रश्न मनात येईल. परंतु ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घराचा दिवस या विषयानेच उजाडतो आणि रात्रही त्याच विषयाने मोडते. अहिंसा आणि अपरिग्रह ही व्रते जर खरोखर घरात उतरायची असतील, तर ती देवघराइतकीच न्हाणीघरातही उतरली पाहिजेत.

शहापूरच्या पेठेत किंवा मुरबाडच्या बाजारात आज कोणत्याही किराणा दुकानासमोर उभे राहिले, तर शाम्पूच्या पुड्यांच्या माळेशेजारी डायपरची छोटी पाकिटे लटकलेली दिसतात. एकेकाळी ही वस्तू मुंबई-ठाण्याच्या मोठ्या औषध दुकानांतून, तीही सधन घरांसाठी मिळे. आता ती दोन-दोन नगांच्या पाकिटातून खर्डी-कसाऱ्याच्या आणि सरळगाव-टोकावड्याच्या टपरीवरही मिळते. एवढा मोठा बदल इतक्या निमूटपणे घडला की त्याविषयी थांबून विचार करण्यास कोणाला सवडच झाली नाही.

पूर्वीची रीत आजच्या सासवांना आणि आज्यांना सांगावी लागत नाही. लेकीला सातवा महिना लागला की ट्रंकेतील जुनी नऊवारी लुगडी आणि आजोबांची विरलेली धोतरे बाहेर निघत. त्यांची बाळोती, दुपटी आणि लंगोट बेतले जात. झबली, टोपरी आणि कुंची यांसह बाळंतविडा सिद्ध होई. बाळाला प्रथम जुनेच कापड घालावे, या संकेतामागे केवळ समजूत नव्हती. नव्या सुती कापडाला खळ असते आणि कापसाचा स्वाभाविक मेणचटपणाही असतो. असे कापड पाणी लवकर शोषत नाही आणि कोवळ्या त्वचेला टोचते. शेकडो वेळा धुतलेले लुगडे मऊ झालेले असते व ओल चटकन ओढून घेते. शाळेची पायरी न चढलेल्या स्त्रियांना वस्त्राचा हा गुण हाताच्या स्पर्शाने ठाऊक होता.

एकदाच वापरून फेकावयाच्या डायपरची कथा फार जुनी नाही. अमेरिकेत १९६१ साली ‘पॅम्पर्स’ बाजारात आले. त्या वेळी आत लाकडाचा लगदाच असे. १९८०च्या दशकात त्यात सोडियम पॉलिअॅक्रिलेट नावाची भुकटी घालण्यास प्रारंभ झाला. ही भुकटी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट द्रव शोषून त्याचा गोळा करते व दाबले तरी तो सोडत नाही. आजच्या डायपरमध्ये त्वचेलगत पॉलिप्रॉपिलीनचा पातळ पडदा, मध्ये लगदा व ही भुकटी आणि बाहेर पॉलिथीनचे आवरण असते. म्हणजे ज्याला बोलताना आपण ‘कागदी लंगोट’ म्हणतो, त्याचा बराचसा भाग प्लॅस्टिकचा असतो.

या वस्तूची केवळ निंदा करणे अन्यायाचे होईल. रात्री चार-पाच वेळा उठून लंगोट बदलणारी बाळंतीण दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आणि दुकानाच्या गल्ल्यावरही उभी राहत असे. तिला सलग चार तासांची झोप या वस्तूने दिली. आसनगावहून कल्याणला डॉक्टरांकडे लोकलने जाणाऱ्या मातेची मोठी अडचण तिने दूर केली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी मोठ्या आकाराचे डायपर आले, त्यांनी तर कितीएक घरांत आजारी माणसाची लाज राखली आणि सेवा करणाऱ्या सुनेची पाठही. म्हणून प्रश्न ही वस्तू चांगली की वाईट असा नाही. चोवीस तास, दोन-अडीच वर्षे, सवय म्हणून ती वापरावी काय आणि वापरल्यावर ती कोठे जाते, असा तो आहे.

आता थोडा व्यापारी हिशेब करू. दिवसाला पाच डायपर धरले, तर दोन वर्षांत एका बाळामागे ३,६५० नग होतात. एक नग दहा रुपयांचा धरला तर साडेछत्तीस हजार रुपये झाले. ज्या घरात हा खर्च सहज पेलतो तेथे त्याचे काही वाटणार नाही. परंतु तेच पाकीट मजुरीवर जाणाऱ्या ठाकर-कातकरी कुटुंबातील आईही आता घेऊ लागली आहे, आणि तिच्याकडे दोन नगांच्या पाकिटात दिवस काढायचा असल्याने तोच डायपर आठ-दहा तास बाळाच्या अंगावर राहतो. ज्या वस्तूचे सारे आरोग्यमूल्य वेळेवर बदलण्यात आहे, ती काटकसरीने वापरली की अपायकारक ठरते.

आणि ते ३,६५० नग जातात कोठे? शहापूर व मुरबाड या दोन्ही गावी नगरपंचायती आहेत, घंटागाडी येते. परंतु आजूबाजूच्या गावपाड्यांवर घराची मागची बाजू, ओढ्याचा काठ किंवा रस्त्याकडेचा उतार हीच कचराकुंडी असते. ओला डायपर पेटत नाही, नुसता धुमसतो. पुरला तर कुत्री उकरतात. ओढ्यात टाकला तर फुगून नाल्याच्या मोरीत अडकतो आणि पहिल्या पावसात पुढे जातो. भातसा काळूला मिळते, काळू उल्हासला, उल्हास खाडीला. एवढ्या मार्गात तो कोठे ना कोठे कोणाच्या तरी शेतात किंवा पाणवठ्यावर थांबतोच.

केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत वापरलेले डायपर व सॅनिटरी पॅड यांची स्वतंत्र दखल घेतली गेली. ती नीट गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावीत आणि उत्पादकांनी पाकिटाबरोबरच गुंडाळण्यासाठी पिशवी वा वेष्टन पुरवावे, असे त्या नियमांत म्हटले होते. नियमाच्याही आधी पुण्यातील कचरावेचक स्त्रियांनी हा प्रश्न हाती घेतला होता. ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने २०१३ साली वापरलेल्या सॅनिटरी पॅडच्या पिशव्या थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठविल्या. पुढे २०१७ साली ‘लाल ठिपका’ मोहीम निघाली : असा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळा व त्यावर एक लाल ठिपका काढा, म्हणजे वेचणाऱ्या हाताला न उघडताच आत काय आहे ते कळेल. एका ठिपक्याला किती वेळ लागतो? परंतु तो काढण्यासाठी त्या कचऱ्याच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस आहे, हे आधी ध्यानात यावे लागते. ‘फेकून दिले’ या शब्दांत ते माणूस दिसत नाही.

आता धर्मदृष्टीने पाहू. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात ज्या पाच समिती सांगितल्या आहेत त्यांतील शेवटची उत्सर्ग समिती होय. मल, मूत्र, कफ आदींचा त्याग निर्जंतुक, जीवरहित भूमी पाहून, कोणाला बाधा होणार नाही अशा रीतीने करावा, असा तिचा आशय. ही आज्ञा मुख्यतः साधु-साध्वींसाठी आहे. परंतु श्रावकानेही ती यथाशक्ती पाळावी, असे गुरुभगवंत सांगत आले आहेत. पन्नवणा सूत्रात संमूर्च्छिम मनुष्यांची उत्पत्तिस्थाने सांगताना मल-मूत्रापासून नगराच्या गटारापर्यंत चौदा स्थाने गणली आहेत. शरीराबाहेर पडलेले हे पदार्थ ओले राहिले तर अंतर्मुहूर्तात, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत, त्यांत जीवोत्पत्ती होते, अशी आपली परंपरागत धारणा आहे. म्हणूनच मूत्र पसरून, उन्हावाऱ्याने लवकर सुकेल असे परठवण्याची रीत पडली.

या कसोटीवर डायपर ठेवून पाहावा. त्याची रचनाच मुळी ओल धरून ठेवण्यासाठी केलेली आहे. वर प्लॅस्टिकचे आवरण; ऊन नाही, वारा नाही. गुंडाळून टाकलेला डायपर आतून दिवसचे दिवस ओला राहतो. बाळाला कोरडे ठेवण्याचे त्याचे जे कौशल्य, तेच उत्सर्गाच्या दृष्टीने त्याचे मोठे वैगुण्य ठरते. मात्र येथे लंगोटवाल्यांनीही लगेच समाधान मानू नये. सकाळपासूनचे सगळे लंगोट एका बादलीत भिजत घालून संध्याकाळी धुण्याची पद्धत बहुतेक घरांत आहे. त्या बादलीचे काय? ते पाणी गटारात ओतले जाते त्याचे काय? कापड वापरले एवढ्याने दोष टळत नाही. ते लगेच खळबळून, ते पाणी मोकळ्या कोरड्या जमिनीवर पसरून आणि कापड उन्हात टाकून तो टळतो. बसल्या बसल्या पुण्य मिळवून देणारा असा कोणताही लंगोट नाही.

परंतु खरी अडचण याहून मोठी आहे आणि ती पाण्याची आहे. एका बाळाचे दिवसाचे बारा लंगोट हात राखून धुतले, तरी खळबळणे, साबण लावणे आणि दोनदा नितळ पाण्यातून काढणे यांत चाळीस-पन्नास लिटर पाणी सहज जाते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर हे माप ठरविले. म्हणजे एका तान्ह्या बाळाचे लंगोट एका अख्ख्या माणसाच्या वाट्याचे पाणी घेतात. ज्यांच्या नळाला पाणी आहे त्यांना याचा अर्थ चटकन कळणार नाही. शहापूर तालुक्यात तानसा धरण १८९२ साली पुरे झाले, पुढे भातसा झाले. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा याच डोंगरांतून जातो. आणि याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहिली जाते, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने हंडा भरला जातो. त्या पाड्यावरील आईला ‘डायपर टाकून दे, लंगोट वापर’ असा उपदेश करणे सोपे आहे. तिला त्यासाठी डोक्यावरून आणखी दोन हंडे आणावे लागतील.

पाणी तुपासारखे वापरावे, असे आपल्या घरांतून लहानपणापासून ऐकविले जाते. अप्काय जीवांची विराधना टाळण्यासाठी जे कुटुंब पाणी गाळून पिते, त्याने लंगोटासाठी पाणी ओतताना हात आखडणे स्वाभाविकच आहे. मग डायपर बरा, असे कोणी म्हणेल. पण लाकडाचा लगदा करताना, प्लॅस्टिक घडविताना पाणी आणि इंधन लागतेच. ते दूरच्या कारखान्यात लागते, म्हणून आपल्या मोरीत दिसत नाही, इतकेच. म्हणून पाण्याचा हा प्रश्न डायपरच्या बाजूने सुटत नाही. तो लंगोट कसा धुवावा, या प्रश्नात रूपांतरित होतो.

इंग्लंडमध्ये या दोहोंची तुलना शास्त्रीय पद्धतीने झाली, तिचा निष्कर्ष येथे उद्बोधक ठरेल. तेथील पर्यावरण विभागाच्या २००८ च्या अहवालात, अडीच वर्षांच्या वापराचा हिशेब घेता, डायपर आणि कापडी लंगोट यांचा हवामानावरील भार जवळजवळ सारखा निघाला : पहिल्याचा सुमारे ५५० किलो आणि दुसऱ्याचा सुमारे ५७० किलो कार्बन डायऑक्साइड. डायपर कंपन्यांच्या समर्थकांना याचा आनंद झाला. परंतु त्याच अहवालात पुढे असेही होते की, यंत्र पूर्ण भरून धुतले, कपडे उघड्यावर वाळविले आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळाला वापरले, तर कापडाचा भार सुमारे चाळीस टक्क्यांनी उतरतो. विजेच्या यंत्रात वाळविले तर वाढतो. २०२३ साली तेथेच झालेल्या नव्या अभ्यासात कापडी लंगोटांचा भार डायपरपेक्षा सुमारे पंचवीस टक्क्यांनी कमी आढळला. तिकडे सारा खर्च गरम पाण्याचा आणि वाळविण्याच्या विजेचा आहे. आपल्याकडे धुणे थंड पाण्याने, हाताने, वाळवणे उन्हात, आणि थोरल्याचे लंगोट धाकट्याला, धाकट्याचे चुलतभावाला ही तर जुनीच चाल. तेथे जी काटकसर शिकवावी लागते ती येथे अंगवळणी होती.

होती, असे म्हणताना एक गोष्ट दडविता कामा नये. हे सारे कोणाच्या हातांनी होत होते? घरच्या सुनेच्या, नाहीतर पाड्यावरून कामाला येणाऱ्या बाईच्या. बाळंतिणीचे धुणे बाहेरच्या बाईने धुवावे आणि तिला मात्र अंगणातच थांबवावे, असेही घडत आले आहे. अशा घरातून लंगोटाची थोरवी सांगितली जाते तेव्हा ती धुणाऱ्या हातांना ती पटत नाही, यात त्या हातांचा दोष नाही. बाळ आई-बाप दोघांचे आहे. बापाने रात्रीचा एक लंगोट बदलला आणि सकाळी दुकान उघडण्यापूर्वी चार लंगोट पिळून दोरीवर टाकले, तर डायपरची गरज निम्मी होईल, हे अनुभवाचे गणित आहे. ज्या घरात हे होणार नाही, त्या घरात आजीबाईंनी सुनेला डायपरवरून बोलू नये.

आरोग्याच्या दृष्टीने दोन्ही बाजूंनी काही सांगण्यासारखे आहे. ओला लंगोट तसाच राहिला तर त्वचा लाल होते, पुरळ येते. थंडीत, विशेषतः पौषात म्हसा यात्रेच्या सुमारास मुरबाडकडे जी थंडी पडते त्या दिवसांत, कमी वजनाच्या बाळाचे अंग ओल्या कापडाने लवकर गार पडते आणि ते धोक्याचे असते. अशा रात्री डायपर वापरणे शहाणपणाचेच होय. उलट, दिवसा लंगोट वापरणाऱ्या मातेला एक माहिती फुकट मिळते, जी डायपर झाकून टाकतो. जन्मानंतरचा पहिला आठवडा सरत आला की बाळाला दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे, हे दूध पुरत असल्याचे लक्षण मानतात. किती लंगोट ओले झाले हे मोजणाऱ्या आईला दूध कमी पडते आहे का, जुलाबात बाळाच्या अंगातील पाणी आटते आहे का, हे वेळीच कळते. पाड्यावर घरभेटीला येणारी आशाताई हेच विचारते. डायपर बांधलेल्या बाळाची आई सांगते, “सकाळी एक बदलला होता.” त्यातून काहीच कळत नाही.

लंगोटातील मूल ओले झाल्याचे लगेच सांगते. आजी त्याला दोन्ही पायांवर धरून ‘शूऽऽ’ करते आणि वर्षाच्या आसपास बरीच मुले इशारा करू लागतात. डायपरमध्ये ओल जाणवतच नाही, त्यामुळे ही सवय लांबते आणि पाकिटांचा हिशेबही लांबतो.

धुण्याच्या रीतीविषयी थोडे. मळलेला लंगोट आणि नुसता ओला लंगोट एकत्र करू नये. मळ आधी कोरडाच, जुन्या पातळ फडक्याने किंवा पानाने काढून शौचालयात टाकावा. मग पाणी निम्मे पुरते. घरातील इतर धुण्याचे शेवटचे नितळ पाणी लंगोटांच्या पहिल्या खळबळण्यास वापरावे, आणि लंगोटांचे शेवटचे पाणी बादलीत राखून दुसऱ्या खेपेच्या पहिल्या पाण्यास. साबण थोडा. कापड मऊ करणारी सुगंधी द्रव्ये घालू नयेत, त्यांनी कापडाची शोषणशक्ती जाते. खळ तर नकोच.

पावसाळा हा मात्र कठीण काळ. जून ते सप्टेंबर या पट्ट्यात डोंगर दिसेनासे होतात, दोरीवरचे कापड दोन दिवस दमट राहते. पूर्वी शेगडीवर बांबूची टोपली उपडी घालून तिच्यावर लंगोट वाळवीत आणि घरभर ओव्याच्या धुरीचा वास राही. आता शेगड्या गेल्या. अलीकडे शिवलेले, बटणाचे कापडी डायपर मिळतात. २०१६ साली मुंबईत पल्लवी उटगी यांनी सुरू केलेल्या ‘सुपरबॉटम्स’सारख्या उद्योगांनी ते घराघरांत पोहोचविले. बाहेर पाणी न झिरपणारे आवरण आणि आत सुती घडी, अशी त्यांची रचना. सोयीचे आहेत, परंतु ती जाड शिवलेली घडी श्रावणात लवकर वाळत नाही. जुना लंगोट उलगडला की एकपदरी होतो आणि पंख्याखाली काही तासांत वाळतो. म्हणून या भागापुरते पाहता आवरण नवे घ्यावे, आत मात्र जुन्या लुगड्याची चौघडी ठेवावी, हा मेळ उत्तम. आणि ज्या आठवड्यात ऊनच पडत नाही, त्या आठवड्यात रात्रीपुरता डायपर वापरला तर कोणी स्वतःला दोषी मानू नये. तो वर्तमानपत्रात गुंडाळून, लाल ठिपका काढून घंटागाडीत द्यावा, ओढ्यात नको.

शेवटी दुकानदार बंधूंसाठी. या सभेतील अनेक घरांचा व्यवसाय किराण्याचा आणि कापडाचा आहे. डायपरची माळ आपल्याच दुकानासमोर लटकते आणि मलमलीचे ठाणही आपल्याच फळीवर असते. पाकीट विकू नये असे कोणी म्हणणार नाही. मात्र दोन नगांचे पाकीट मागणाऱ्या आईला, एक नग तीन-चार तासांहून अधिक ठेवू नये, एवढे सांगायला गिऱ्हाइकामागे अर्धे मिनिट लागते. कापडाच्या दुकानात मलमलीचे तुकडे उरतात. ते दोन वेळा धुऊन, खळ काढून, चौकोनी कापून बारा-बाराच्या गड्ड्या बांधता येतील. घरोघरी ट्रंकांत जुन्या सुती साड्या पडून आहेत, त्यांची भर घालता येईल. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय आणि मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथे बाळंतपणासाठी येणाऱ्या पाड्यांवरील मातांच्या हाती अशी एकेक गड्डी आणि सोबत झाकणाची एक बादली द्यावी. साड्या आणून देण्याचे काम येत्या रविवारपासून सुरू करता येईल. कापण्याला बसणाऱ्या भगिनींनी घरून कात्री आणावी, आणि सोबत एखादा पुरुषही.